गुरूंनी शिकविलेली ‘उपेक्षा’

वैद्याची वृत्ती चार प्रकारची असते, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात सांगितले आहे : आर्तांविषयी मैत्री व कारुण्य, साध्य रुग्णाच्या ठिकाणी प्रीती आणि ‘प्रकृतिस्थां’विषयी उपेक्षा. प्रकृतिस्थ म्हणजे येथे मरणासन्न, असा अर्थ टीकाकार चक्रपाणिदत्त करतात. विद्यार्थिदशेत आम्ही हे पाठ केले, परीक्षेत लिहिले. अर्थ मात्र जळगावी, गुरुवर्यांच्या शय्येपाशी कळला.

पदवीनंतर तीन वर्षे आम्ही त्यांच्या चिकित्सालयात बसलो. पुढे धुळ्यास व्यवसाय थाटला. काही वर्षांपूर्वी त्यांना यकृताच्या कर्करोगाचे निदान झाले आणि दर रविवारी पारोळा-एरंडोलमार्गे एस.टी.ने जळगावास जाणे हा आमचा नेम झाला. वेदनाशमनासाठी आधुनिक उपचार चालू होतेच. आमच्या पिशवीत मात्र प्रत्येक वेळी एखादा नवा कल्प असे.

एके दिवशी त्यांनी हात पुढे केला. म्हणाले, “नाडी पाहा आणि काय दिसते ते सांगा.” आम्ही नाडी पाहिली आणि “थोडा आराम पडेल” असे पुटपुटलो. त्यांनी हात मागे घेतला. त्या दिवशी ते पुन्हा बोलले नाहीत.

परतीच्या प्रवासात इंद्रियस्थान आठवले. अरिष्ट दिसले तरी न विचारता मृत्यू सांगू नये; विचारले तरी, ज्यामुळे रुग्णाला वा इतरांना आघात होईल तेथे सांगू नये, असा चरकांचा दंडक आहे. आम्ही त्याच्या आड लपलो होतो. येथे आघात कुणाला होणार होता? गुरुवर्यांना नव्हे, आम्हांला. पुढच्या रविवारी आम्ही खरे ते सांगितले. ते शांतपणे म्हणाले, “आता तुम्ही वैद्य झालात.”

त्यानंतर पिशवी रिकामी झाली. आम्ही पेज भरवीत असू, पाय चेपीत असू. एकदा त्यांनी वांग्याच्या भरताचा घास मागितला. आमच्या तोंडी पथ्याचा शब्द आला. ते नुसते हसले. आम्ही बोटभर भरीत त्यांच्या जिभेवर ठेवले. उपेक्षा म्हणजे रुग्णाचा त्याग नव्हे. रोग जिंकण्याचा आपला आग्रह सोडायचा, रुग्णाचा हात सोडायचा नाही.

जाण्यापूर्वी त्यांनी एक वही आमच्या स्वाधीन केली. तीत केवळ अपयश आलेल्या रुग्णांच्या नोंदी होत्या. शेवटची काही पाने कोरी होती.

आमच्या धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे निधन झाले. त्यांच्या चाहत्यांनी शोक करून थांबणे पसंत केले नाही. १९२७ साली त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे केले, त्यांचे दप्तर जपले आणि मागे राहिलेला धातुकोश १९३७ साली कृ. पां. कुलकर्णी यांच्या संपादनाने प्रसिद्ध केला. त्या मंडळाच्या वास्तूवरून जाताना आम्हांला ती वही आठवते.

कोऱ्या पानांपैकी पहिल्यावर आम्ही गुरुवर्यांचीच नोंद केली. पुढची पाने आमच्या रुग्णांनी भरली आहेत. आता चिकित्सालयात येणाऱ्या नव्या वैद्यांच्या हाती आम्ही प्रथम तीच वही देतो.