तीन दिवसांत किती शहरं?

जोडून आलेल्या तीन दिवसांच्या सुट्टीत किती शहरं बघावीत? एकच, आणि जमलं तर त्याच्या कडेचं एखादं गाव, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे बेत ठरतो तो नेमका उलट. विमानाला एवढे पैसे मोजतोच आहोत, तर कोलकात्याला जोडून दार्जिलिंगही उरकून घेऊ, नाहीतर निदान पुरी तरी, असा हिशेब घरोघरी होतो. या हिशेबात रुपये असतात, किलोमीटर असतात, तास मात्र नसतात. मुंबई-कोलकाता विमानप्रवास पावणेतीन तासांच्या आसपासचा. पण घराच्या दारापासून हॉटेलच्या खोलीपर्यंत अर्धा दिवस जातोच आणि परतताना तेवढाच. उरले दोन दिवस. न्यू जलपायगुडी साडेपाचशे किलोमीटरवर, म्हणजे रात्रभराची गाडी, आणि तिथून पुढे दार्जिलिंगचा तीनेक तासांचा घाट. पुरीलाही जायला एक रात्र आणि यायला एक रात्र. शिवाय आपण विसरतो ती सूर्याची वेळ. देशभर घड्याळ एकच असलं तरी कोलकाता मुंबईच्या पुष्कळ पूर्वेला आहे. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, तेव्हा मुंबईत अजून तासभर ऊन असतं. उशिरा उठून, सावकाश नाश्ता करून बाहेर पडणाऱ्या मराठी कुटुंबाचा तिथला दिवस दुपारच्या चहालाच संपतो.

एकच शहर घेतलं की कंटाळा येईल, ही भीती साहजिक आहे. इंडियन म्युझियम, व्हिक्टोरिया मेमोरियल, हावडा पूल, दक्षिणेश्वर, झालं की कोलकाता! पण शहर ‘झालं’ असं वाटतं ते आपण त्याच्या मधोमधच फिरत राहतो म्हणून. कोलकात्याला राजधानी करणारी हुगळी नदी काय करत होती, ते शहराच्या मध्यात कमी आणि पंचवीसेक किलोमीटरवरच्या बजबजमध्ये जास्त दिसतं. सियालदा स्टेशनच्या दक्षिण विभागातून लोकल सुटते. तिथे मराठी माणसाने क्षणभर थबकायला हरकत नाही, कारण स्टेशनासमोरचा जुना सर्क्युलर रोड मराठा खंदकाच्या मार्गाने गेलेला आहे. नागपूरकर भोसल्यांच्या स्वारीच्या धास्तीने 1742 साली खणायला घेतलेला तो खंदक कधी पुरा झालाच नाही. लोकल पुढे बालीगंज, टॉलीगंज, माझेरहाट, आक्रा, नुंगी करत तासाभरात बजबजला पोचते. सकाळची कामावर जाणारी गर्दी कोलकात्याकडे निघालेली असते, त्यामुळे आपल्याला बसायला जागा मिळण्याची आशा बरी.

गाडीतून उतरल्यावर फलक वाचावा: ‘कोमागाटा मारू बजबज’. स्टेशनाला हे नाव 2013 मध्ये दिलं गेलं. गुरदितसिंग यांनी भाड्याने घेतलेलं कोमागाटा मारू हे जपानी जहाज 376 प्रवाशांना घेऊन 1914 च्या मे महिन्यात कॅनडात व्हँकुव्हरला पोचलं. प्रवाशांत बहुतेक शीख होते. मायदेशातून मध्ये कुठेही न थांबता आलेल्यांनाच प्रवेश, असा तिथला नियम होता आणि तशी थेट जहाजसेवा हिंदुस्थानातून नव्हतीच. दोन महिने अडवून ठेवून जहाज परत पाठवण्यात आलं. सप्टेंबरात ते बजबजला लागलं. सरकारला या लोकांना खास गाडीने थेट पंजाबात पाठवायचं होतं. त्यांना गुरुग्रंथसाहेब घेऊन कोलकात्याला जायचं होतं, म्हणून ते पायी निघाले. त्यांना मागे फिरवण्यात आलं आणि 29 सप्टेंबरला स्टेशनाजवळ गोळीबार झाला. सुमारे वीस माणसं गेली. कृपाणाच्या आकाराच्या इथल्या स्मारकाचं उद्घाटन 1952 मध्ये पंडित नेहरूंनी केलं, आणि कॅनडाच्या पंतप्रधानांनी आपल्या संसदेत माफी मागितली ती 2016 मध्ये. त्या गोळीबाराच्या सतरा वर्षं आधी, फेब्रुवारी 1897 मध्ये, शिकागो गाजवून परतलेले विवेकानंद याच बजबजला जहाजातून उतरले होते आणि खास गाडीने सियालद्याला गेले होते. एकाच बंदरातल्या या दोन खास गाड्या! त्याहूनही मागे गेलं, तर 1756 च्या डिसेंबरअखेर क्लाइव्ह कोलकाता परत घ्यायला आला तो आधी बजबजचा किल्ला घेऊनच. हल्ला दुसऱ्या दिवशी ठरलेला असताना झिंगलेला एक खलाशी रात्रीच तटाच्या भगदाडातून आत शिरला आणि किल्ला पडला, अशी नोंद इंग्रजांनीच ठेवली आहे.

यावर कोणी म्हणेल, बघायला आहे काय तिथे? तेलाच्या टाक्या, जूट गिरण्या आणि गढूळ पाणी. खरं आहे, फोटोसाठी बजबजला जाऊ नये. पण होडीने पलीकडच्या बाउरियाला जाऊन यावं, म्हणजे शहर नदीच्या या काठाने का पसरत गेलं ते पुस्तकाविना कळतं. थोडं पुढे अचिपूर आहे, बंगालमधल्या पहिल्या चिनी वसाहतीचं गाव. कोलकात्यातल्या टिरेटा बाजारात सकाळी चिनी नाश्ता करणाऱ्याने ही वाट जरूर धरावी. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एवढ्या लांब पुन्हा कोण येतं? घरात वयस्कर आई-वडील असतील आणि कांचनगंगा बघायची त्यांची इच्छा असेल, तर माझा सगळा युक्तिवाद बाजूला ठेवावा. पण मग सुट्टी आठ दिवसांची काढावी आणि कोलकात्याला फक्त गाडी बदलावी. तीन दिवसांत दोन्ही कोंबलं, तर डोंगर धुक्यात जातो आणि शहर टॅक्सीत. मुंबईला तीन दिवसांसाठी आलेल्या बंगाली पाहुण्याला आपणही शिर्डी-वेरूळ न सुचवता वसईचा किल्ला सुचवायला हवा.

शनिवार-रविवार-सोमवार अशी सुट्टी आली, तर इंडियन म्युझियम आणि व्हिक्टोरिया पहिल्या दोन दिवसांतच बघून घ्या. दोन्ही सोमवारी बंद असतात. परतीचं विमान रात्रीचं मिळालं, तर सोमवारची सकाळ बजबजला द्या.