ओझरचे मिग-२१ आणि १९७१चा रंग

युद्धकाळातील लढाऊ विमानाची प्रमाणबद्ध प्रतिकृती करणे म्हणजे मूळ विमानाच्या प्रत्येक मापाला एकाच संख्येने भागून त्याचे लहान रूप घडवणे. पण या कलेतील सर्वांत कठीण काम जोडणी संपल्यावर सुरू होते. ऊन, पाऊस, इंधन, धूर आणि तंत्रज्ञांचे बूट यांनी विमानाच्या अंगावर उमटवलेल्या खुणा रंगांनी दाखवण्याला ‘वेदरिंग’ म्हणतात, आणि त्यात प्रत्येक डागाला कारण असावे लागते. मराठी हौशी कलावंताला या अभ्यासासाठी मिग-२१ एफएलइतके जवळचे विमान सापडणार नाही, कारण नाशिकजवळच्या ओझर येथील हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात ते तयार झाले आणि १९७१च्या युद्धात त्याचा रंगच पालटला.

या छंदातील एक रूढ प्रमाण १:७२ हे आहे, म्हणजे प्रत्यक्षातील सहा फुटांचा प्रतिकृतीत एक इंच होतो. दिवाळीच्या किल्ल्यात मावळा बुरुजापेक्षा उंच असला तरी कोणी हरकत घेत नाही. येथे मात्र ७.१५ मीटर पंखविस्ताराचे मिग दहा सेंटिमीटरांना किंचित कमीच भरले पाहिजे, आणि त्यावरचा एक मिलिमीटरचा ओरखडा प्रत्यक्षातील सात सेंटिमीटरांहून मोठा ठरतो. नवशिक्यांची प्रतिकृती भंगारातल्या विमानासारखी दिसू लागते ती हा हिशेब सुटल्यामुळे.

जोडणीची बरीचशी सामग्री पुण्यात एकट्या बुधवार पेठेत मिळते. किट, म्हणजे चौकटीला जोडलेल्या प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचा संच, बहुधा परदेशी बनावटीचा असतो. परंतु बारीक ब्रश, ॲक्रिलिक आणि तैलरंग अप्पा बळवंत चौकात, तर चिमटे, तांब्याची बारीक तार आणि सोल्डर तपकीर गल्लीत घेता येतात. मिगचे पुढचे चाक जमिनीला टेकून राहावे म्हणून नाकात वजन भरावे लागते, त्यासाठी सोल्डरच्या तारेचे वेटोळे पुरते. सांधे पुट्टीने भरून ओल्या पॉलिश पेपरने गुळगुळीत करण्यात कसूर करू नये, कारण चंदेरी रंग बारीकशी रेघही लपवत नाही.

रंगाकडे मात्र सावकाश वळावे. मिग-२१ एफएल हवाई दलात आले ते धातूच्या उघड्या, चकाकत्या अंगानिशी. १९७१मध्ये त्यांच्यावर छद्मावरण, म्हणजे भूप्रदेशात मिसळून जाण्यासाठीचे हिरवे-तपकिरी पट्टे, घाईने चढवण्यात आले आणि स्क्वाड्रननुसार छटा व आकार बदलत गेले. गुळगुळीत धातूवरचा असा रंग जेथे पाय, हात आणि स्क्रूड्रायव्हर वारंवार लागतात तेथे, म्हणजे पंखाच्या मुळाशी, कॉकपिटच्या काठावर आणि तपासणीच्या झाकणांभोवती, आधी सुटतो. हे दाखवण्याची उत्तम रीत अशी, की प्रतिकृतीला ॲल्युमिनियमचा रंग देऊन तो पक्का वाळू द्यावा, त्यावर हेअर स्प्रे मारावा आणि मग ॲक्रिलिकचे पट्टे रंगवावेत. नंतर हव्या त्या जागी ओला ब्रश हलकेच घासला की पाण्याने स्प्रे विरघळतो, वरच्या रंगाचा पापुद्रा निघतो आणि खालची चंदेरी झळकते. वरून चंदेरी ठिपके देण्यापेक्षा ही रीत कितीतरी सरस आहे, कारण येथे रंग खरोखरच निघतो. त्यावर वॉर्निशचा हात देऊन टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला गडद तैलरंग पत्र्यांच्या सांध्यांत सोडतात आणि उरलेला पुढून मागे, हवेच्या प्रवाहाच्या दिशेने पुसतात.

धुराचाही हिशेब असतो. १२ डिसेंबर १९७१ रोजी जामनगरच्या ४७व्या स्क्वाड्रनचे फ्लाइट लेफ्टनंट भारतभूषण सोनी यांनी मिग-२१ मधून पाकिस्तानचे एफ-१०४ स्टारफायटर पाडले, ते पोटाखाली बसवलेल्या २३ मिलिमीटरच्या दुनळी तोफेने. त्या विमानाची प्रतिकृती करायची तर काळ्या पेस्टल खडूची पूड तोफेच्या तोंडापाशी लावून पोटावरून मागे विरळ करत न्यावी, कारण काजळी तेथेच धरणार.

पुण्याच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात उभे असलेले मिग-२३ बीएन हे वेगळे विमान असले तरी ते पाहून प्रत्यक्ष विमानाचा आकार, झाकणे आणि रिव्हेट यांची कल्पना येते. परंतु स्मारकातील विमाने पुन्हा रंगवलेली असतात, म्हणून युद्धातल्या डागांसाठी त्यांचा आधार घेऊ नये. त्या काळची छायाचित्रेच खरा पुरावा होत, आणि कृष्णधवल छायाचित्रातून हिरव्याची नेमकी छटा कळत नाही. मिग-२१ एफएल २०१३मध्ये निवृत्त झाले, तर उरलेली मिग-२१ विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे. ज्या घरांत ओझरच्या कारखान्यातील कामगारांच्या किंवा हवाई दलातील तंत्रज्ञांच्या आठवणी आणि रंगीत छायाचित्रे असतील, तेथील लोकांनी १९७१मध्ये कोणता रंग कशाने लावला हे त्या कामगार-तंत्रज्ञांकडून आताच लिहून घ्यावे.