तीनदा दिवाळं, पाचदा सत्ता

१९०१ पूर्वी ऑस्ट्रेलिया नावाचा देश नव्हता. होत्या सहा ब्रिटिश वसाहती. प्रत्येकीचं सरकार वेगळं, जकात वेगळी आणि शेजारणीशी कुरबुर कायमची. त्यांतली सर्वांत जुनी न्यू साउथ वेल्स. तिथलं राजकारण जवळजवळ चाळीस वर्षं ज्याच्याभोवती फिरलं, तो माणूस म्हणजे सर हेन्री पार्क्स. भरघोस पांढरी दाढी, धिप्पाड देह आणि सभा जिंकणारा आवाज. शालेय पुस्तकांत त्याची ओळख ‘संघराज्याचा जनक’ अशी एका ओळीत आटोपते. त्या ओळीबाहेरचा पार्क्स जास्त चटकदार आहे.

रोजंदारी चार पेन्स

२७ मे १८१५ रोजी इंग्लंडमधल्या वॉरिकशर परगण्यात, स्टोनली गावी जन्म. बाप कुळाने शेती करणारा. कर्जापायी शेत गेलं आणि कुटुंब देशोधडीला लागलं. कर्ज हे असं पार्क्सच्या पाचवीलाच पुजलेलं. शाळेशी जेमतेम तोंडओळख झाली, तोच पोरगा दोरखंड वळण्याच्या कामाला लागला, रोज चार पेन्सवर. मग विटांची खाण. नंतर बर्मिंगहॅममध्ये हाडाच्या आणि हस्तिदंताच्या वस्तू कातणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी. पुढे पाच वेळा सरकार चालवणाऱ्या या माणसाकडे एकच रीतसर प्रशिक्षण होतं, ते लेथवर हस्तिदंत कातण्याचं.

पलंगाऐवजी जुनं दार

१८३६ साली क्लॅरिंडा व्हार्नीशी लग्न झालं. धंदा बसला, दोन बाळं दगावली, तेव्हा जोडप्याने बोटीचा रस्ता धरला. जुलै १८३९ मध्ये ‘स्ट्रॅथफील्डसे’ जहाज सिडनीला लागलं, तेव्हा पार्क्सच्या खिशात दोन-तीन शिलिंग होते आणि क्लॅरिंडाच्या कुशीत दोन दिवसांची मुलगी, भर समुद्रात जन्मलेली.

पोटासाठी पार्क्सने पेनरिथजवळच्या रीजंटव्हिल इथे एका बड्या जमीनदाराकडे मजुरी धरली. वर्षाला २५ पौंड आणि शिधा. इंग्लंडला धाडलेल्या पत्रांत त्याने या शिध्याची अशी काही झाडाझडती घेतली आहे, की खमंग वार्ताहर त्यातच दिसतो. बीफ कधीकधी तोंडात घालवणार नाही असं, तांदूळ त्याहून भिकार, आणि कणकेत निम्मा तांदूळच दळलेला. साखर मात्र बरी होती, हे त्याने प्रामाणिकपणे नोंदवलंय. पहिले चार महिने अंथरूण काय होतं? दोन आडव्या लाकडांवर टाकलेलं जुनं दार आणि झाडाची साल, वरून घरातले असतील-नसतील ते कपडे.

खेळण्यांचं दुकान ते वर्तमानपत्र

पुढे काही वर्षं कस्टममध्ये नोकरी, मग सिडनीच्या हंटर स्ट्रीटवर हस्तिदंती वस्तूंचं आणि खेळण्यांचं दुकान. दुकानाच्या मागच्या खोलीत माल कमी आणि राजकारण जास्त शिजू लागलं. १८४९ मध्ये कैदी भरलेलं ‘हॅशमी’ जहाज सिडनी बंदरात शिरलं. ‘इंग्लंडचे गुन्हेगार आता आमच्या दारात नकोत’ म्हणत धक्क्यावर हजारो लोक जमले. त्या चळवळीत पार्क्स पुढे होता.

डिसेंबर १८५० मध्ये त्याने ‘एम्पायर’ हे पत्र काढलं. तेवढ्यात सोन्याच्या खाणी सापडल्या आणि कामगार कुदळ-फावडी घेऊन पळाले. खिळे जुळवायला माणूस मिळेना, तेव्हा पार्क्सने थेट मद्रासकडे नजर वळवली आणि तिथून युरेशियन कंपोझिटर आणवले. पत्र गाजलं, त्याच्या जोरावर १८५४ मध्ये पार्क्स विधान परिषदेत पोचला. पडलेला उमेदवार चार्ल्स केम्प, म्हणजे प्रतिस्पर्धी ‘सिडनी मॉर्निंग हेरल्ड’चा एकेकाळचा भागीदार! पण ‘एम्पायर’ चार वर्षांनी बंद पडलं आणि मालकाला सुमारे ५० हजार पौंडांना बुडवून गेलं. दिवाळं क्रमांक एक.

बाबा विलायतेत, घर शेतावर

१८६१ मध्ये सरकारने त्याला विलायतेला पाठवलं. काम काय, तर इंग्रजांना ‘आमच्याकडे या, इथे सुख आहे’ असं पटवायचं. पगार वर्षाला हजार पौंड. पार्क्सने गावोगाव व्याख्यानं झोडली आणि लेखक थॉमस कार्लाइलशी मैत्री जमवली. इकडे क्लॅरिंडा वेरिंग्टनच्या भाड्याच्या शेतावर पोराबाळांसह दिवस ढकलत होती. दुसऱ्याला सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

नर्स आल्या, आठवड्यात गोळी झाडली

विलायतेहून परतल्यावर सिडनीच्या सरकारी इस्पितळाची दशा बघून पार्क्सने सरळ फ्लॉरेन्स नाइटिंगेलला पत्र लिहिलं. मार्च १८६८ च्या पहिल्या आठवड्यात लूसी ऑस्बर्न आणि तिच्या पाच सहकारी नर्स सिडनीत उतरल्या. ऑस्ट्रेलियातल्या आधुनिक परिचर्येची ही सुरुवात. आणि योगायोग असा की १२ मार्चला, क्लॉन्टार्फच्या सहलीत, ओ’फॅरेल नावाच्या माणसाने व्हिक्टोरिया राणीच्या मुलावर, राजपुत्र आल्फ्रेडवर, पाठीमागून गोळी झाडली. राजपुत्र वाचला. त्याच्या शुश्रूषेला या नव्याकोऱ्या नर्स हजर होत्याच!

कोठडीबाहेरचा लघुलेखक

इथवर सगळं ठीक होतं, पण पार्क्सच्या अंगात गुप्तहेर संचारला. यामागे आयरिश फेनियन बंडखोरांचा कट आहे, असं त्याने डोक्यात घेतलं. तो डार्लिंगहर्स्ट तुरुंगात स्वतः ओ’फॅरेलशी गप्पा मारायला गेला आणि कैद्याच्या नजरेआड एक लघुलेखक बसवला. आत गप्पा, बाहेर टिपण. एप्रिलमध्ये ओ’फॅरेल फासावर गेला. ऑगस्टमध्ये कियामा गावच्या सभेत पार्क्सने आणखी पुढची पुडी सोडली: कटातल्याच एकाला त्याच्या साथीदारांनी ठार केलं आहे, पुरावा आपल्याकडे आहे. पुरावा काही बाहेर आला नाही. विरोधकांनी त्या न दिसलेल्या मृताचं बारसं केलं, ‘कियामाचं भूत’. आयरिश कॅथलिक मतदारांनी ते विसरू दिलं नाही आणि भूत पुढे कित्येक वर्षं पार्क्सच्या मानगुटीवर बसून राहिलं.

आठवड्याला तीन पेन्स, शाळा सक्तीची

ज्याने शाळेचं तोंड धड पाहिलं नाही, त्यानेच शाळांचे दोन मोठे कायदे केले. १८६६ च्या कायद्याने सरकारी शाळांचं जाळं पसरवलं. १८८० च्या कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलांना शिक्षण सक्तीचं झालं, फी मुलामागे आठवड्याला तीन पेन्स, आणि चर्चच्या शाळांचं सरकारी अनुदान बंद. पाद्री खवळले. पार्क्स ढिम्म.

खुर्ची आली, गेली, आली

१८७२ ते १८९१ या काळात पार्क्स पाच वेळा प्रीमियर, म्हणजे वसाहतीचा मुख्यमंत्री झाला. तेव्हा पक्ष नव्हते म्हटलं तरी चालेल, होते ते गट, आणि गटाचं मन कधी फिरेल याचा नेम नव्हता. ज्या जॉन रॉबर्टसनशी वर्षानुवर्षं वितुष्ट, त्याच्याशीच १८७८ मध्ये हातमिळवणी करून पार्क्सने चार वर्षांवर सरकार टिकवलं. युतीचं राजकारण महाराष्ट्राने शोधून काढलं असं कोणाला वाटत असेल, तर त्याने इकडे एक नजर टाकावी.

प्रीमियर होण्याआधीच, १८७० मध्ये, दुसरं दिवाळं निघालं होतं आणि १८८७ मध्ये तिसरं. तिसऱ्या वेळी गडी प्रीमियरच्या खुर्चीत होता! न्यू साउथ वेल्सच्या आमदारांना १८८९ पर्यंत मानधनच नव्हतं, तेव्हा धनिकांनी राजकारण करावं आणि इतरांनी उधारीवर, अशी रीत. पार्क्सची उधारी मात्र रीतीच्याही पलीकडची होती. व्यापारात हात घातला की तोटा, हे समीकरण त्याने कधी चुकू दिलं नाही.

कवी, आणि तोही हौशी

कर्ज, निवडणुका, बारा भानगडी सांभाळून पार्क्स कविता करत होता. पहिला संग्रह १८४२ चा, शेवटचा १८९५ चा. समीक्षकांनी नाकं मुरडली, तरी लॉर्ड टेनिसनशी त्याची मैत्री होती. त्याची भाषणं कवितांपेक्षा सरस, यावर मात्र शत्रूंचंही एकमत. बोलताना त्याचा इंग्रजी ‘ह’ अधूनमधून गळायचा. शिकलेले लोक हसायचे आणि मतं त्यालाच पडायची.

काळी बाजू

मे १८८८ मध्ये चिनी उतारू घेऊन ‘अफगाण’ जहाज सिडनीत आलं. पार्क्सने कायद्याची वाट न पाहता त्यांना उतरू दिलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने सरकारची कृती बेकायदा ठरवली, तर याने घाईने कायदाच करून घेतला: प्रत्येक चिनी माणसाला १०० पौंड प्रवेशकर आणि जहाजाच्या दर ३०० टनांमागे एकच चिनी उतारू. स्वतः दोन-तीन शिलिंग घेऊन उतरलेल्या माणसाने १०० पौंडांचं कुंपण घालावं, हे विसरून चालणार नाही. १८९० मध्ये मेलबर्नच्या मेजवानीत त्याने साऱ्या वसाहतींच्या रक्ताच्या नात्याचं जे गाजलेलं भाषण केलं, त्या नात्यात कोण येतं आणि कोण नाही, याचं उत्तर या कायद्यात आहे.

सीमेजवळच्या गावातलं भाषण

२४ ऑक्टोबर १८८९. क्वीन्सलंडहून परतताना पार्क्स टेंटरफील्ड या छोट्या गावी थांबला. हा त्याचा जुना मतदारसंघ. ‘स्कूल ऑफ आर्ट्स’च्या सभागृहात जेवण झालं आणि ७४ वर्षांच्या प्रीमियरने मुद्दा काढला. मेजर जनरल बेव्हन एडवर्ड्सने नुकताच अहवाल दिला होता: वसाहतींची फौज विखुरलेली, संरक्षण कच्चं. त्यात रेल्वेची गंमत. न्यू साउथ वेल्सचे रूळ ४ फूट ८॥ इंचांचे, व्हिक्टोरियाचे ५ फूट ३ इंचांचे. सिडनी-मेलबर्न प्रवासात सीमेवरच्या ऑल्बरीला उतरून गाडी बदलायची. उद्या शत्रू आला तर सैन्यानेही फलाटावर उतरून गाडी बदलायची का? पार्क्स म्हणाला, आता एक परिषद बोलवा, एक केंद्रीय सरकार आणि एक संसद उभारा.

१८९० च्या मे महिन्यात घोडागाडीतून पडून त्याचा पाय मोडला. काही महिने अंथरुणावर काढून तो उठला आणि १८९१ मध्ये सिडनीत भरलेल्या राष्ट्रीय परिषदेचा अध्यक्ष झाला. राज्यघटनेचा पहिला मसुदा तिथेच तयार झाला.

ऐंशीव्या वर्षी बोहल्यावर

क्लॅरिंडा १८८८ मध्ये गेली. पुढच्याच वर्षी पार्क्सने एलिनॉर डिक्सनशी लग्न केलं. जुलै १८९५ मध्ये ती वारली, तेव्हा पार्क्स त्या वेळच्या प्रीमियर जॉर्ज रीडविरुद्ध निवडणूक लढवत होता. तो थोडक्यात हरला. ऑक्टोबरमध्ये ८० वर्षांच्या पार्क्सने तिसरं लग्न केलं, २३ वर्षांच्या ज्युलिया लिंचशी, जी आधी त्याच्याकडे स्वयंपाकपाणी बघायची. सिडनीतल्या दिवाणखान्यांना महिनाभर दुसरा विषय नसणार. २७ एप्रिल १८९६ रोजी तो ॲननडेलच्या घरी वारला, अर्थातच कफल्लक. संघराज्य जन्माला यायला अजून पावणेपाच वर्षं होती.

दुर्बीण, एल्विस आणि नोट

त्याच्या नावाचं गाव आजही नकाशावर आहे. १८७३ मध्ये सोन्याच्या खाणीजवळच्या वस्तीचं नाव ‘पार्क्स’ झालं, मुख्य रस्ता क्लॅरिंडा स्ट्रीट. गावाबाहेर ६४ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण आहे. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला, तेव्हाची दृश्यं जगाच्या टीव्हीवर पोचवण्यात तिचा मोठा वाटा होता. शिवाय १९९३ पासून दर जानेवारीत तिथे एल्विस प्रेस्लीचा उत्सव भरतो.

 उद्याच्या भरवशावर आज खर्च करायची पार्क्सची खोड दुकानात नडली. शाळा, इस्पितळ आणि संघराज्य या बाबतीत मात्र तीच देशाच्या उपयोगी पडली, कारण तिन्ही त्याने हाती पैसा आणि बहुमत पुरतं असण्याआधीच बोलून ठेवली होती. पण पार्क्सला खरा न्याय २००१ मध्ये मिळाला. संघराज्याच्या शताब्दीनिमित्त ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेने पाच डॉलरची खास नोट काढली, आणि दर्शनी बाजूवर चित्र छापलं हेन्री पार्क्सचं. हयातीत ज्याच्या सहीवर सावकार उधार द्यायला कचरायचे, त्याच्या चेहऱ्यावर आख्खा देश पाच डॉलर मोजायला तयार झाला.