हमालाच्या कळेचा रासायनिक पुरावा

रायपूरच्या गोल बाजारात तांदळाचे पोते पाठीवर घेऊन गर्दीतून वाट काढणाऱ्या हमालाची कंबर एकाएकी धरते, आणि कळ कुल्ल्यातून मांडीच्या मागून, पोटरीच्या बाहेरच्या अंगाने पायाच्या अंगठ्यापर्यंत उतरते, तेव्हा त्याला एकच उत्तर मिळते: मणक्यांमधली गादी सरकली, नस दबली. हे निदान खोटे नाही; १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर व बार या शल्यविशारदांनी ते शास्त्रात प्रस्थापित केले. परंतु ते अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणाचा भुर्दंड रोजंदारीवर जगणाऱ्यालाच अधिक पडतो. १९९४ साली अमेरिकेत पाठदुखीची कसलीही तक्रार नसलेल्या ९८ जणांची एमआरआय तपासणी केली असता शेकडा २७ जणांच्या गाद्या बाहेर आलेल्या आढळल्या. उलटपक्षी, तपासणीत किरकोळ फुगवटा दिसणारा मनुष्य रात्ररात्र तळमळतो, आणि त्याची जबानी मात्र कोणी सहसा ग्राह्य धरीत नाही.

स्वीडनमध्ये ओल्मार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली डुकराच्या गादीतला मऊ गर काढून, तिळमात्र दाब न देता, त्याच प्राण्याच्या मज्जातंतूंच्या मुळांवर नुसता ठेवला, आणि त्या तंतूंतून संदेश वाहण्याचा वेग घटला. चरबी ठेवली असता तसे घडले नाही. अर्थात, दोष केवळ दाबाचा नव्हता. गादीचे कडे फाटून गर बाहेर पडला की टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ यांसारखी दाहकारक प्रथिने स्रवतात, आणि त्यांच्या सान्निध्यात मज्जातंतू इतका हळवा होतो की एरवी दखलही न घेण्याजोगा ताण त्याला असह्य होतो. मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे, की हाच दाह भक्षकपेशींनाही पाचारण करतो, आणि त्या बाहेर आलेला तुकडा हळूहळू गिळंकृत करतात. बहुतेकांची कळ शस्त्रक्रियेवाचून ओसरते, त्यात या पेशींचाही वाटा आहे.

शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतीत ही प्रथिने सापडतात. रक्तात मात्र ती साध्या तापानेही वाढतात, म्हणून केवळ या कळेचीच साक्ष देणारी रक्तचाचणी अद्याप दवाखान्यात आलेली नाही. तोवर हमालाचे म्हणणे नीट ऐकून घेणे, त्याचा पाय सरळ उचलून पाहणे आणि अंगठ्याची ताकद अजमावणे, हेच वैद्याच्या हाती आहे. आणि जांघेत बधिरपणा येऊन लघवी अडली असेल, तर त्याच दिवशी, विनाविलंब, रायपूरचे एम्स किंवा आंबेडकर रुग्णालय गाठले पाहिजे.