पापडाच्या पाठीमागची वाट

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमच्याकडे वाळवणाचा हंगाम सुरू व्हायचा. उडदाचं पीठ भिजवायचं, त्यात पापडखार, हिंग, मिरी घालून ते चांगलं कुटायचं आणि तेलाच्या हाताने लाट्या पाडायच्या. लाटायला शेजारपाजारच्या चार बायका यायच्या, आणि आम्ही मुलं लाट्या पळवायचो. (तेलात बुडवलेली कच्ची लाटी ज्याने खाल्ली नाही, त्याचं बालपण अर्धंच गेलं, असं माझं आजही मत आहे.) पुढे गच्च्यांना कुलपं लागली, घरातल्या बायका नोकरीला जाऊ लागल्या आणि पापड दुकानातून यायला लागला. पण तो आणतानाही आमच्या आईची एक अट असायची. माल विकतचा चालेल, हात मात्र घरचा हवा!

ही अट विचित्र वाटेल, पण तिच्यावर एक अख्खा उद्योग उभा आहे. 15 मार्च 1959 रोजी गिरगावातल्या लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल 80 रुपयांचं, तेही छगनलाल पारेख या समाजसेवकांकडून उसने घेतलेलं. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली आणि ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याने घेतली. वर्षभरात विक्री सहा हजारांवर गेली. ‘लिज्जत’ हे नाव 1962 मध्ये मिळालं आणि 1966 मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली. त्याच वर्षी खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने पापडाला ग्रामोद्योग म्हणून मान्यता दिली.

सुरुवातीची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या बायका दोन प्रतींचे पापड करत, एक उत्तम आणि एक स्वस्त. ‘छगनबापां’नी सांगितलं, एकच प्रत ठेवा आणि तिच्यात कधी तडजोड करू नका. तसंच, देणगी स्वीकारायची नाही, हाही नेम पहिल्यापासूनचा. पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावं लागलं होतं. पुढच्या वर्षी बायकांनी एक खाट आणली, तिच्यावर पापड पसरले आणि खाली स्टोव्ह पेटवला. झालं, पावसाचा प्रश्न सुटला.

आज या संस्थेत 45 हजारांच्या आसपास ‘बहिणी’ आहेत. ‘कामगार’ हा शब्द तिथे चालत नाही, कारण प्रत्येक बहीण मालकीण आहे. पुरुष पगारावर ठेवलेले असतात, पण त्यांना मालकी नाही. हे सगळं चालतं कसं, ते पाहण्यासारखं आहे. उडीद डाळ येते म्यानमारमधून, हिंग अफगाणिस्तानातून, मिरी केरळमधून. म्हणजे कच्च्या मालासाठी समुद्रापार जायची या संस्थेची तयारी आहे. खरेदी मध्यवर्ती होते, म्हणून मुंबईचा पापड आणि दुसऱ्या राज्यातला पापड चवीला एकच लागतो. पीठ मळण्याचं काम शाखेतच होतं. भल्या पहाटे संस्थेची मिनीबस बहिणींना घेऊन येते. त्या आदल्या दिवशी लाटलेले पापड वजन करून देतात, तपासून घेतात, लाटणावळ म्हणजे ‘वणाई’ हातात घेतात आणि नवी कणीक घेऊन घरी जातात. पोळपाट-लाटणंही संस्थेचंच, म्हणजे आकारात फरक पडायला नको. बाई संस्थेत येण्याआधी तिचं घर पाहिलं जातं. स्वच्छता आहे का, पापड वाळवायला जागा आहे का, ही चौकशी आधी होते.

एवढी मोठी साखळी, आणि तिचा मधला महत्त्वाचा दुवा कारखान्यात नाही, तर कुणाच्या तरी स्वयंपाकघरात आहे. एखाद्या व्यवस्थापनतज्ज्ञाला हे वेडेपणाचं वाटेल. पापड लाटायची यंत्रं बाजारात आहेत. पण यंत्र आणलं तर गिऱ्हाईक जे विकत घेतं, तेच नाहीसं होईल. ते केवळ पापड घेत नाही. घरचा हात आणि एका बाईची कमाई, दोन्ही घेतं. दूरदर्शनवरचा तो ससा आठवतो ना? रामदास पाध्यांनी घडवलेला. त्याच्या गमतीजमतीने नाव घराघरांत गेलं, हे खरं. पण नुसत्या सशाने साठ-पासष्ट वर्षं दुकान चालत नाही.

असे प्रयोग आपल्याकडे नवे नाहीत. 1925 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय चरखा संघामागेही हाच विचार होता, की खादी घेणाऱ्याला सूत कुणी कातलं याच्याशी कर्तव्य असावं. तिकडे हॉलंडमध्ये 1988 साली ‘मॅक्स हॅवेलार’ नावाची खूण मेक्सिकोच्या लहान शेतकऱ्यांच्या कॉफीवर छापली जाऊ लागली. डच गिऱ्हाईक त्या खुणेसाठी थोडे जास्त पैसे मोजू लागलं.

इथे मात्र एक गोष्ट मला खटकते. ‘घरचा हात’ म्हणून आपण गोडवे गातो, तेव्हा तो हात कुणाचा, हे सोयीने विसरतो. घरातलं सगळं आवरून, मग पोळपाटावर तासन्‌तास वाकून बसणाऱ्या बाईची पाठ दुखते, याचा उल्लेख पाकिटावर नसतो. तिला रोज रोख वणाई मिळते, नफ्यातही तिचा वाटा असतो, ही लहान गोष्ट नव्हे. नवऱ्याच्या मिळकतीला धरून राहावं लागलं नाही म्हणून मुलांची शाळा चालू राहिली, अशी घरं या पापडाने नक्कीच उभी केली असतील. पण ज्यांच्या आया लाटत होत्या, त्या मुली आज पदवी घेऊन कचेरीत जातात. त्या पोळपाटाशी परत येतील असं मला वाटत नाही, आणि त्यांनी यावं असंही वाटत नाही. नव्या इमारतींमध्ये वाळवायला जागा नसते, ती अडचण वेगळीच.

संस्थेच्या संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या घरी सर्वांना आनंद झाला. त्याच आठवड्यात वाणसामान भरताना आमच्याच घरात यंत्रावरच्या स्वस्त पापडाची आणि बहिणींच्या पापडाची तुलना चालली होती. फरक काही रुपयांचाच होता. मी यादीवर बहिणींचाच लिहिला; मुलाने विचारलं, “बाबा, चवीत खरंच फरक आहे का?” चवीत फारसा नाही, हे मी त्याला सांगितलं. आणि मग पैसे कुणाकडे जातात, ते सांगायला बसलो.