खेड्यांतील रत्नपरीक्षा

‘हल्लींचीं मुलें काय ऐकतात तें एक देव जाणे !’ हें वाक्य ज्या घरांत आठवड्यांतून एकदां तरी उच्चारलें जात नाहीं, असें एकत्र कुटुंब आमच्या वाचकांत क्वचितच असेल. आमच्याही घरांत तें उच्चारलें जातें, आणि खरें सांगावयाचें तर बहुधा आम्हीच तें उच्चारतों. परंतु गेल्या आषाढी एकादशीस आमच्या ओटीवर जो वाद झाला, तो ऐकल्यापासून तें वाक्य जिभेवर आलें तरी ओठांबाहेर पडतांना जरा अडखळतें.

आमचें वैशाखरे गांव मुरबाड तालुक्यांत, कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या सडकेवर, नाणेघाटाच्या पायथ्याशीं आहे. सातवाहन राणी नागनिकेचा लेख असलेलें लेणें आणि जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण पाहावयास शहरांतील तरुण मंडळी पावसाळ्यांत येथूनच घाट चढतात. आमचा पुतण्या आपल्या दोन मित्रांसह ह्याच निमित्तानें आला होता. पावसानें त्यांना घाट चढूं दिला नाहीं, आणि तिघेही दोन दिवस ओटीवर अडकून पडले. आदल्याच दिवशीं आमच्या धाकट्या बंधूंनीं फोनवरून आम्हांस बजावलें होतें, “अण्णा, पोरगा चांगली नोकरी सोडून बँडांत जाण्याच्या गोष्टी करतो आहे. तुमचें तो ऐकतो. दोन शब्द सांगा.” तेव्हां आमच्याजवळ एक लहानसें व्याख्यान तयार होतें. चाळीस वर्षें मास्तरकी केलेल्या माणसाजवळ तें नेहमींच तयार असतें.

‘बँड’ म्हटलें कीं आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढें वरातींतील तांबड्या डगल्यांचे वाजंत्री उभे राहतात. मुलांचा बँड तो नव्हे. दोन गिटार, एक जाड तारांची ‘बेस’ गिटार, एक ढोलांचा संच व एक गाणारा, असा चारपांच जणांचा मेळ म्हणजे रॉक बँड. आणि जो मोठ्या ध्वनिमुद्रिका-कंपनीच्या किंवा सिनेमाच्या दावणीस बांधलेला नाहीं, स्वतः गाणीं रचतो व स्वतःच्या खर्चानें तीं मुद्रित करतो, तो ‘इंडी’. ‘इंडिपेन्डन्ट’ ह्या शब्दाचें हें लाडकें नांव आहे. विलायतेंत मँचेस्टर येथील बझकॉक्स नांवाच्या बँडनें १९७७ च्या आरंभीं सुमारें ५०० पौंड उसने घेऊन आपली पहिली तबकडी आपणच काढली, तेव्हांपासून ह्या पंथास तिकडे जोर आला, असें सांगतात. आपल्याकडे मुंबईंत १९८४ च्या सुमारास ‘रॉक मशीन’ हा बँड निघाला. उदय बेनेगल, महेश तिनईकर हीं त्यांतील ठळक नांवें. त्या काळीं श्रोते परदेशी बँडांच्या गाण्यांच्या नकला मागत. ह्या मंडळींनीं स्वतःचीं गाणीं लोकांपुढें ठेविलीं, १९८८ सालीं पहिला संग्रह काढला, १९९३ सालीं नांव बदलून ‘इंडस क्रीड’ असें घेतलें, १९९७ सालीं मंडळी फुटली, २०१० सालीं पुन्हां जुळली व २०१२ सालीं ‘इव्हॉल्व्ह’ हा नवा संग्रह निघाला.

ही सारी बखर आम्हांस कळली ती मुलांच्या भांडणांतून. एकाचें म्हणणें, नांव बदलल्यावरच बँडास स्वतःचा सूर सांपडला. दुसऱ्याचें म्हणणें, जुन्या नांवाबरोबर जुना जोमही गेला. ज्या वेळीं तें नांव बदललें त्या वेळीं ह्या दोघांचा जन्मही झाला नव्हता ! आम्ही हंसणार, इतक्यांत आम्हांस आमच्याच घराची आठवण झाली आणि हंसूं घशांत अडकलें.

१९१३ सालीं बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळींतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. तिकडे केशवराव भोसले ह्यांची ललितकलादर्श गाजत होती. ह्या मंडळ्या कोणाच्या दावणीस नव्हत्या. तिकिटविक्रीवर त्यांचें पोट, आणि रसिकांच्या बोलण्यावर त्यांची तिकिटविक्री. गंधर्वपक्ष व भोसलेपक्ष असे तट घराघरांत पडले होते. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईंत टिळक स्वराज्य फंडासाठीं ‘संयुक्त मानापमान’ झालें. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व ! त्यानंतर तीन महिन्यांच्या आंत, ४ ऑक्टोबर रोजीं, केशवराव वारले. त्या प्रयोगांत कोणाचें गाणें सरस झालें हा वाद मात्र पुढें कित्येक वर्षें चालू राहिला. आमच्या लहानपणीं आमच्या माजघरांत तो ज्यांच्यांत चाले, त्यांपैकीं एकानेंही तो प्रयोग पाहिला नव्हता. मग मुलांनींच काय पाप केलें ?

दुसरा वाद अधिक मोलाचा होता. त्यांतील एक मित्र ध्वनिमुद्रणाचा अभिमानी. त्याचें म्हणणें, मैदानांत हजारों लोकांच्या आरोळ्यांत शब्द कळत नाहींत, छातीवर ढोल आदळतो तेवढाच कळतो. गाणें खरें ऐकावयाचें तें घरीं, कानांत यंत्र घालून, दहा वेळां. दुसरा म्हणे, तें गाणें नव्हे, तें शिवणकाम ! चुका कापून, तुकडे जोडून केलेलें. बँडाची परीक्षा मैदानांतच.

आमचे आजोबा आणि वडील ह्यांच्यांत हेंच चाले. आजोबांनीं बालगंधर्वांचीं नाटकें मुंबईस पाहिलेलीं; एकेका पदास किती ‘वन्समोअर’ पडले, हें ते बोटांवर मोजून सांगत. वडिलांच्या वाट्यास आली ती तबकडी, एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांची. आजोबा म्हणत, “तो गंधर्व नव्हे, गंधर्वाची मुद्दल गेली आणि हें व्याज राहिलें.” वडील उत्तर देत, “तुम्ही ऐकलें तें तुमच्याबरोबर जाईल. हें नातवंडांना ऐकतां येईल.” दोघांचेंही खरें ठरलें. आजोबांनीं ऐकलें तें त्यांच्याबरोबर गेलें, आणि तबकडी आम्हीं ऐकली. पण तींत वन्समोअर नाहीं.

मैदानाच्या अभिमान्यास आणखी एक दुःख होतें. १९८६ सालीं सुरू झालेला ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा मेळा मुंबईंत धोबीतलावच्या रंगभवनांत अनेक वर्षें भरे. सभोंवतीं रुग्णालयें व महाविद्यालयें असल्यामुळें शांतता-क्षेत्राच्या नियमांत तें खुलें नाट्यगृह सांपडलें व मुकें झालें. ध्वनिप्रदूषणाचे केंद्रीय नियम २००० सालचे. रात्रीं दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. हें ऐकून आम्हींही एक सुस्कारा सोडला. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ सालीं सुरू झाला आणि पुढें कित्येक वर्षें तो रात्रभर चाले. डिसेंबरच्या थंडींत घोंगडी पांघरून, मध्यरात्रीं मालकंस आणि पहांटे तोडी, अशा त्या बैठका आम्हीं तरुणपणीं अनुभविल्या. पहांटेची तोडी दुपारीं तबकडीवर लावली तर सूर तेच असतात, पहांट नसते. रुग्णालयांत तळमळणाऱ्या माणसाची झोप कोणत्याही रागापेक्षां थोर, हें आम्हांस मान्य आहे, व नियमाविरुद्ध आमची तक्रार नाहीं. पण एकाच नियमानें आमची तोडी आणि ह्या पोरांचा गोंगाट हीं एकाच वेळीं गेलीं, हें ऐकून आम्हांस त्या पोराविषयीं प्रथमच आपुलकी वाटली.

सायंकाळीं देवळांतील भजन आटोपून आमच्या गांवच्या भजनी मंडळाचे बुवा पाऊस थांबेतों आमच्या ओटीवर टेंकले. वय पंचाहत्तरीच्या पुढें. मंडळाची स्थिति बिकट आहे. पखवाज वाजविणारे दोन वर्षांपूर्वीं गेले, त्यांचीं मुलें कल्याण-उल्हासनगराकडे कामास. सध्यां बुवा झांजेवर निभावून नेतात. देवळांतील खुंटीवर पखवाज गवसणींत टांगलेला आहे.

मुंबईचा ‘अभंग रिपोस्ट’ नांवाचा एक बँड संतांचे अभंग गिटार व ढोलांच्या साथीवर गातो. त्याच वाटेनें जावें म्हणून ह्या तिघांनींही एक अभंग मुद्रित केला होता. पुतण्यानें तो फोनवर लावला. आमच्या सौभाग्यवतींनीं आंतून विचारलें, “हें कीर्तन आहे कीं कारखाना ?” बुवा मात्र डोळे मिटून, गुडघ्यावर ताल धरून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मुलांनीं मत विचारलें तेव्हां हात जोडून म्हणाले, “आम्ही खेडवळ माणसं. मुंबई-पुण्याच्या जाणत्यांना विचारा, बाबांनो.”

ह्या उत्तरानें आम्हांस एकदम कालिदासाचें ‘मालविकाग्निमित्र’ आठवलें. तेथें गणदास व हरदत्त हे दोन नाट्याचार्य श्रेष्ठत्वासाठीं भांडतात आणि न्याय देण्यास राजा परिव्राजिका कौशिकीस विनवितो, तेव्हां तीही थट्टेनें असेंच म्हणते कीं, नगर जवळ असतां रत्नाची पारख खेड्यांत कशाला ? परंतु पुढें ती न्यायासनावर बसते, आणि एक अट घालते. शिष्यांनीं वेषभूषेचा भार न घेतां रंगभूमीवर यावें, म्हणजे अंगांची हालचाल स्पष्ट दिसेल. परीक्षकानें घालावी अशी ह्याहून शहाणी अट आम्हांस ठाऊक नाहीं.

ती अट त्या रात्रीं वीज-मंडळानें घातली. दिवे गेले. बेस गिटार विजेवांचून मुकी, फोनचा मोठा भोंगाही बंद. उरली एक साधी लांकडी गिटार, पुतण्याचा गळा आणि बुवांची झांज. कंदिलाच्या उजेडांत तोच अभंग पुन्हां झाला. गळा बरा आहे हो पोराचा ! आम्हीं त्याचें गाणें असें, मध्यें कांहीं न ठेवतां, तेव्हांच प्रथम ऐकलें.

आतां बुवा बोलले. “चाल चांगली बांधलीय. शब्दही सोडले नाहींत. पण चरण संपला कीं धांवतोस. तिथं थांबायचं असतं. त्या थांबण्यांत तर देव येतो.” पुतण्या सहज हार मानणारा नव्हे. तो म्हणाला, “बुवा, मुद्रण करतांना कानांत यंत्राचा ठेका चालू असतो. सगळ्यांनीं त्याच्याबरोबर राहायचं. तो कोणासाठीं थांबत नाहीं.” बुवा म्हणाले, “आमचा पखवाजवाला थांबायचा. माझा श्वास कुठं संपतो हें त्याला ठाऊक होतं.” मैदानाच्या अभिमान्यानें लागलीच मुद्रणाच्या अभिमान्याकडे विजयी मुद्रेनें पाहिलें. परंतु बुवांनीं त्यालाही सोडलें नाहीं. “तुमच्या मैदानांत एवढा आवाज, मग गाणाऱ्याचा श्वास वाजवणाऱ्याला ऐकूं येतो का ?” त्यावर तो गप्प.

दुसऱ्या दिवशीं पाऊस होताच. बुवांनीं पखवाज काढून आणला. डाव्या पुडीस कणकेचा गोळा कसा लावावा, कणीक वाळली म्हणजे सूर कसा चढतो, हें त्यांनीं दाखविलें, आणि पुतण्या मनगटापर्यंत पिठानें भरला. तो म्हणाला, “काका, ही डावी बाजू म्हणजे आमची बेस !” त्याच्या बापानें आम्हांस जें व्याख्यान द्यावयास सांगितलें होतें, तें देण्याची संधि आम्ही शोधीत होतों, पण पिठाच्या हातांनीं बसलेल्या मुलास नोकरी, पगार व निवृत्तिवेतन ह्यांविषयीं काय सांगावें? बँडाच्या कार्यक्रमाचे पैसे चौघांत वांटले तर प्रवासखर्चही निघत नाहीं, हें त्यानें आपण होऊनच कबूल केलें. आमचें मत अद्याप असें कीं, त्यानें नोकरी सोडूं नये. तें आम्हीं त्यास एका वाक्यांत सांगितलें व त्यानें ऐकून घेतलें. बंधूंना वाटतें, आम्हीं पुरेसें सांगितलें नाहीं.

निघण्यापूर्वीं पुतण्यानें बुवांना गावयास लाविलें आणि त्यांच्या नकळत फोनवर तें टिपून घेतलें. मग त्यांनाच ऐकविलें. पंचाहत्तर वर्षांत बुवांनीं स्वतःचा आवाज असा बाहेरून कधीं ऐकला नव्हता. प्रथम ते लाजले, मग कान देऊन ऐकूं लागले, आणि तिसऱ्या चरणाशीं त्यांनीं हात वर केला. “थांबव, थांबव. पुन्हां लाव.” पुन्हां लाविलें. “इथं मीच घाई केली.” पुतण्या कांहीं बोलला नाहीं, त्याच्या मित्रांनीं तोंडें फिरविलीं.

बुवांनीं तें पुसून टाकावयास सांगितलें. दुसऱ्यांदा नीट गातों, तें ठेव, म्हणाले. पुतण्यानें दुसरें टिपलें, पण पहिलें पुसलें नाहीं. त्याच्या मतें पहिलेंच अधिक चांगलें आहे, आणि घाईची ती जागा तर त्याची विशेष आवडती. आम्हीं दोन्ही ऐकलीं आहेत. आम्हांस दुसरें अधिक आवडतें. घरांत ह्यावर आतां दोन पक्ष झाले असून सौभाग्यवती पहिल्या पक्षांत आहेत. बुवा शेतावर जातांना सकाळीं अंगणांत थांबतात आणि विचारतात, “गुरुजी, पुसलं का त्यानं ?”