पाय पाहून पांघरूण

पंच्याहत्तरीला शाल, ऐंशीला शाल, सहस्रचंद्रदर्शनाला तर एकावर एक चार शाली. मराठी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कपाटात अशा शालींची चळत घडी न मोडता पडून असते आणि त्यातल्या निम्म्या पुढे दुसऱ्या कुणाच्या तरी सत्काराला जातात. म्हाताऱ्या माणसाला काय द्यावं हा प्रश्न खरोखरच अवघड आहे. भांडीकुंडी नकोत, नवे कपडे नकोत, सोनंनाणं तर त्यांनीच लेकीसुनांत वाटून टाकलेलं असतं. अशा वेळी हल्ली शहरातल्या घरांतूनही एका जुन्याच वस्तूची आठवण होऊ लागली आहे: घरी शिवलेली गोधडी.

आजवर गोधडी देणारा हात वडीलधाऱ्यांचाच असे. आजी नातवासाठी मऊ दुपटं शिवायची, ते बाळंतविड्यातून लेकीकडे जायचं. आजीसाठी नातवंडांनी सुईदोरा हातात घ्यायचा, ही उलटी रीत आपल्याकडे तितकीशी रुळलेली नाही. त्यामुळे हौसेने शिवायला बसणारे बहुतेकजण रंगसंगतीचा विचार आधी करतात आणि पांघरणाऱ्या माणसाचा नंतर. बाळ वर्षभरात दुपट्यातून बाहेर पडतं, त्यामुळे तिथे कमीजास्त झालेलं खपून जातं. आजीला मात्र त्या गोधडीत थंडीची प्रत्येक रात्र काढायची असते.

जुन्या सुती कापडाचे थर एकावर एक अंथरून धावदोऱ्याने एकजीव केलेलं पांघरूण म्हणजे गोधडी. तिच्यात कापूस नसतो. तो भरला की रजई किंवा दुलई होते. कोल्हापूर-सांगलीकडे हिलाच वाकळ म्हणतात, कर्नाटकात कौदी. उत्तर कन्नड जिल्ह्यात राहणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी शिवतात आणि तिच्या चारी कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्यांची ‘फुलं’ लावतात. बंगालात कांथा, बिहारमध्ये सुजनी, सिंधमध्ये रल्ली. जुनं सुती कापड टाकून द्यायचं नाही, हा बायकांचा बाणा उपखंडात सगळीकडे सारखाच. महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी २०१३ साली इंग्रजीत एक सचित्र पुस्तकच काढलं.

वडीलधाऱ्यांसाठी शिवलेल्या पांघरुणाचा एक देखणा दाखला कोलकात्याजवळ जोका इथल्या गुरुसदय संग्रहालयात आहे. एकोणिसाव्या शतकात मानदासुंदरी दासी नावाच्या बाईने आपल्या वडिलांसाठी एक कांथा शिवला. त्यावर शिपाई आहेत, नाणी आहेत, आणि हा कांथा कुणी कुणासाठी केला हेही सुईनेच लिहून ठेवलेलं आहे. गुरुसदय दत्त हे सनदी अधिकारी. नोकरीच्या निमित्ताने गावोगाव फिरताना त्यांनी लोककलेच्या वस्तू जमवल्या आणि हे संग्रहालय त्याच संग्रहातून उभं राहिलं. कुण्या एका लेकीने बापासाठी शिवलेलं पांघरूण त्यामुळे जपलं गेलं.

आपल्या घरात संग्रहालयाची वस्तू करायची नसते. करायचं असतं ते रोजचं पांघरूण, आणि तिथे पहिला मुद्दा येतो वजनाचा.

वय वाढतं तसे स्नायू कमी होतात, कातडीखालची चरबी पातळ होते आणि शरीराची ऊब तयार करण्याची ताकद उतरते. म्हणून सुनेला पंखा लागतो तेव्हा सासूबाईंना पायमोजे लागतात. यावर घरचे लोक जाडजूड पांघरूण शोधतात आणि तिथेच गडबड होते. ऊब देते ती थरांमध्ये अडकलेली हवा. कापडाचं वजन नव्हे. जड पांघरुणाखाली कूस बदलायची तर सांधे दुखणाऱ्या माणसाला आधी ते बाजूला सारावं लागतं. रात्री दोनदा बाथरूमला उठणाऱ्याला तर ही कसरत दोनदा. त्यामुळे मऊ, झिरझिरीत झालेल्या कापडाचे सहा थर हे जाड चादरीच्या तीन थरांपेक्षा केव्हाही सरस.

दुसरा मुद्दा मापाचा. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही शिकवण ठीक. पण इथे पाय पाहून पांघरूण बेतायचं असतं. पूर्वी सगळं घर जमिनीवर झोपायचं, तेव्हा गोधडी ऐसपैस असली तरी बिघडत नसे. आता गुडघ्यांमुळे आजी खाटेवर आली. खाट तीन फूट रुंद असेल तर साडेचार फुटांची गोधडी दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच लोंबते. एवढं पुरे. याहून मोठी केली की कड जमिनीला टेकते आणि अंधारात उठताना पाय त्यात अडकतो. उतारवयात पडणं किती महागात जातं हे वेगळं सांगायला नको. लांबी सात फूट ठेवली तर पायाशी खोचायला कापड उरतं.

तिसरी गोष्ट कडेची. गोधडीला चारी बाजूंनी गोट लावतात, तो पोताच्या विरुद्ध रंगाचा घ्यावा. फिकट गोधडीला गडद लाल किंवा हिरवा गोट असला, की मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबलेल्या डोळ्यांनाही कड कुठे संपते ते कळतं.

कापडाचा हिशेब सोपा आहे. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि पंचेचाळीस इंच रुंद असते. साडेचार बाय सात फुटांच्या गोधडीला तिच्यातून जोड देऊन जेमतेम दोन थर निघतात, नऊवारीतून तीन. म्हणजे सहा थरांसाठी तीन सहावारी किंवा दोन नऊवारी. सुती साड्या हलक्या असतील तर सगळं मिळून वजन दीड किलोच्या आसपास राहतं. वर ठिगळांची नक्षी करायची असेल तर तिचं कापड वेगळं धरायचं आणि आतला एखादा थर कमी करायचा.

साड्या सुतीच हव्यात आणि जुन्याच हव्यात. नेसून-धुऊन त्यांची खळ गेलेली असते, आटायचं ते कापड आटून झालेलं असतं, रंगही सुटायचा तो सुटलेला असतो. एखादं नवं कापड घालायचंच असेल तर ते आधी दोन-तीनदा धुऊन घ्यावं. नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि गोधडीला चुण्या पडतात. पॉलिएस्टरच्या साड्या टिकतात खऱ्या, पण त्यांत घाम मुरत नाही. शिवाय त्या निसटत्या, त्यामुळे थर जागेवर राहत नाहीत. जरीचे काठ काढून टाकावेत. म्हाताऱ्या कातडीला जर टोचते, ओरखडा उठतो आणि तो लवकर बरा होत नाही. अस्तराला, म्हणजे अंगाला लागणाऱ्या बाजूला, आजोबांचं धोतर असेल तर त्याच्यासारखं दुसरं कापड नाही.

पण धोतर मिळवायचं म्हणजे कपाट उघडायचं, आणि इथे जपून वागावं लागतं. गेलेल्या माणसाचे कपडे कात्रीखाली जाणं कुणाला सुखाचं वाटतं, कुणाला अजिबात सोसत नाही. त्यामुळे ही भेट गुपचूप तयार करण्याचा मोह आवरलेला बरा. आणखी एक बाब नातवंडांच्या लक्षात सहसा येत नाही. गोधडी ही पूर्वी हौस नव्हती, गरज होती. चादर विकत घ्यायला पैसे नसायचे म्हणून जुनेर फाडून ती शिवली जायची. अंगावरच्या ठिगळांच्या वस्त्रांमुळे गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत. ज्या बाईने अर्धं आयुष्य त्या टंचाईत काढलं, तिला रंगीबेरंगी ठिगळांत कलाकुसर दिसेलच असं नाही. तिला कदाचित एकरंगी, नीटनेटकी, गोट लावलेली गोधडी आवडेल. विचारायला काय जातं? विचारलं, की कुठलं पातळ कोणत्या दिवाळीचं आणि कुठलं भाऊबीजेचं, हेही आपोआप बाहेर येतं.

आता प्रत्यक्ष शिवण. गोधडी जमिनीवरच शिवायची. फरशी स्वच्छ पुसून अस्तर उलटं अंथरायचं आणि चारी कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, पाण्याचा तांब्या असं जे जड सापडेल ते ठेवायचं. त्यावर एकेक थर. प्रत्येक थर घातला की तळहात मधून कडांकडे फिरवत सुरकुती काढायची. जोड एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत, नाहीतर तिथे वळ तयार होतो आणि झोपताना तो पाठीला लागतो. सगळ्यात वर तोंडाचं कापड. मग वीतभर अंतरावर लांब कच्चे टाके घालून सगळे थर धरून ठेवायचे. हे काम कंटाळवाणं असतं म्हणून अनेकजण टाळतात. मग कडेकडून शिवत आत येताना सैल कापड पुढे ढकललं जातं आणि शेवटी बरोबर मध्यभागी फुगा उरतो. तो काढायचा तर उसवण्यावाचून इलाज नाही.

सुई लांब आणि जाड, दोरा सुती, दुहेरी आणि मेण लावलेला. बोटात अंगुस्तान. शिवणारी बाई गोधडीवरच बसते, एक पाय लांब, एक दुमडलेला. डावा हात कापडाखाली. सुईचं टोक त्या बोटांना जेमतेम जाणवलं की ते वर वळवायचं. असे तीन-चार टाके सुईवर भरले, की एकदम ओढायचे. ओढ बेताची हवी. दोरा ताणला तर कापड गोळा होतं, सैल सोडला तर पायाचं बोट त्यात अडकतं. गाठ नेहमी दोन थरांच्या मध्ये लपवायची, अंगाला लागता कामा नये. जुन्या गोधड्यांमध्ये शिवण बहुधा कडेने सुरू होऊन चौकोनात चौकोन अशी फिरत मध्यभागी संपते. नवशिक्याने सरळ आडव्या ओळी घातल्या तरी चालतं.

ओळींत एक इंचाचं अंतर ठेवलं, तर साडेचार बाय सात फुटांच्या गोधडीत जवळपास ११५ मीटर लांबीची शिवण होते. इंचाला दोन-तीन टाके धरले तर एकूण नऊ ते साडेतेरा हजार टाके. ओळी याहून जवळ घेतल्या तर गोधडी टिकाऊ होते पण चपटी पडते, हवा कमी धरते. लांब घेतल्या तर ऊबदार होते पण आतलं कापड सरकतं. रोजच्या पांघरुणाला इंच-सव्वा इंच हे अंतर ठीक.

आकडा ऐकून घाबरायचं कारण नाही, कारण हे काम एकट्याचं नसतंच. गावाकडे सुगीची कामं उरकली, की उन्हाळ्याच्या दुपारी ओसरीवर गोधडी अंथरली जायची आणि शेजारच्या दोघीतिघी आपापली सुई घेऊन यायच्या. फ्लॅटमध्ये ओसरी नाही, पण सोफा भिंतीला सरकवला की दिवाणखान्यात साडेचार बाय सात फुटांची जागा होते. एका नातवाला गोट कापायला बसवावं, एकाला दोरे ओवायला. कॉलेजातल्या मुलाचे टाके वाकडे पडले तर पडू द्यावेत. आजीला ते ओळखूही येतील.

वेळच नसेल तर शिवून घेता येते. अनेक ठिकाणी महिला बचत गट साड्या घेऊन गोधडी करून देतात. मशीनवर काम लवकर होतं, मात्र टाके घट्ट बसतात आणि गोधडी थोडी कडक लागते. हातशिलाईची मजुरी जास्त वाटते, ती वर सांगितलेले हजारो टाके डोळ्यांसमोर ठेवून द्यावी. तिथे घासाघीस शोभत नाही.

पूर्ण मापाची गोधडी झेपत नसेल तर मांडीवर घेण्याजोगी तीन फूट चौरस करावी. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्यांना तीच जास्त कामाची. परदेशात स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी अशा लहान गोधड्यांवर बटणं, नाड्या, चेन, लोकरीचे गोंडे शिवतात. अस्वस्थ हातांना चाळा मिळतो आणि माणूस काही वेळ शांत बसतो. आपल्याकडे त्यावर पदराचा गोंडा किंवा साडीचा खडबडीत काठ लावता येईल. मात्र सगळं पक्कं शिवावं, तोंडात जाईल असं काही सैल ठेवू नये.

धुण्याचा विचारही आधीच करावा. सहा थरांची गोधडी भिजली की दुप्पट-तिप्पट जड होते, ती पिळणं आजीचं काम नव्हे. मशीनमध्ये धुतली तरी वाळवताना दोन दोऱ्यांवर पसरून टाकावी, म्हणजे मधला भाग ओला राहून कुबट वास धरत नाही. एरवी पंधरा दिवसांनी कडक ऊन दाखवलं तरी पुरतं.

शेवटी एका कोपऱ्यात, अस्तराच्या बाजूने, कापडाची छोटी पट्टी शिवावी: कुणाच्या साड्या, कुणी शिवलं, कोणतं साल. दिवाळीनंतरच्या थंडीत गोधडी द्यायची असेल तर उन्हाळ्यातच अंथरायला घ्यावी. साड्या मात्र आजच, बोहारीण दारात यायच्या आत, बाजूला काढून ठेवा.